एचयूएल, एशियन पेंट्स, डीमार्ट: कंपनी चांगली हे मान्य, पण भावाचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पगारातून महिन्याला 15 हजार शेअर्समध्ये घालता येतात, ऑफिसमधले सिनियर सांगतात की एचयूएल, एशियन पेंट्स, डीमार्ट अशा रोजच्या वापरातल्या कंपन्या घे आणि विसरून जा, साबण-टूथपेस्ट कोणी बंद करत नाही, आणि दुसऱ्या बाजूने लोक सांगतायत की एफएमसीजी (साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या वस्तूंचा धंदा) संपलं, पाच वर्षं पैसे नुसते अडकून पडले. शिवाय वडिलांच्या कपाटात हिंदुस्तान लिव्हरचे (आजची हिंदुस्तान युनिलिव्हर, म्हणजेच एचयूएल) 50 कागदी शेअर्स निघालेत, त्याचं काय करायचं. दोन्ही बाजूंचे लोक कंपनीबद्दल तावातावाने बोलतायत पण भावाबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) रजिस्टर्ड सल्लागार नाही, अनेक वर्षं या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचणारा साधा गुंतवणूकदार आहे, तेवढं धरून चाला.

एचयूएलच घ्या. मार्च 2010 ला शेअरचा भाव 240 च्या आसपास होता आणि त्या वर्षी शेअरमागे नफा साधारण 10 रुपये, म्हणजे लोक एक रुपया नफ्यासाठी 24 रुपये मोजत होते. मार्च 2020 ला भाव 2,300 च्या आसपास, शेअरमागे नफा 31 रुपये. आता बघा, दहा वर्षांत नफा तिप्पट झाला पण भाव जवळजवळ दहापट, कारण त्याच एका रुपयासाठी लोक आता 74 रुपये द्यायला तयार झाले होते. तुमच्या सिनियरांनी जो पैसा बनवला तो असा बनला, अर्धा कंपनीच्या कामाने आणि अर्धा लोकांच्या वाढलेल्या उत्साहाने. आता पुढची पाच वर्षं. मार्च 2025 ला शेअरमागे नफा 45 रुपये, म्हणजे कंपनी काही झोपलेली नव्हती, मधे कोविड गेला, पाम तेल भडकलं, हॉर्लिक्सवाली जीएसके कंझ्युमर विलीन करून घेतली, तरी नफा 45 टक्क्यांनी वाढला. आणि भाव? 2,250 च्या आसपास, होता तिथेच. पीई, म्हणजे एक रुपया नफ्यासाठी लोक मोजतात ते रुपये, 74 वरून 50 वर आला आणि पाच वर्षांची सगळी वाढ त्यात जिरली. हातात आला फक्त डिव्हिडंड (नफ्यातून भागधारकाला मिळणारा वाटा), वर्षाला चाळीसेक रुपये, म्हणजे 2,300 वर दोन टक्क्यांच्या आतच.

त्यामुळे एफएमसीजी संपलं म्हणणारे चुकतायत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि घे आणि विसर म्हणणारेही चुकतायत, कारण 2020 मध्ये ज्याने हे ऐकून घेतलं त्याला बँकेच्या एफडीइतकंही मिळालं नाही.

आता यातली एक गोष्ट लोक नीट बघत नाहीत ती मार्जिनची. 2011-12 च्या सुमारास एचयूएल शंभर रुपयांच्या विक्रीवर पंधरा रुपयांच्या आसपास ऑपरेटिंग नफा काढत होती, 2020 पर्यंत तो पंचवीसच्या जवळ गेला. खर्च कपात, महागडे पॅक, सर्फ एक्सेल आणि डव्ह असल्या वरच्या ब्रँडवर जोर, हे सगळं त्यांनी फार चांगलं केलं. पण ते एकदाच करता येतं ना. 2024-25 मध्ये मार्जिन साडेतेवीस टक्के आणि व्हॉल्यूमची वाढ 2 टक्के, म्हणजे वड्या-पुडे-बाटल्या जेमतेम 2 टक्के जास्त खपल्या. मार्जिन पंचवीसवरून पन्नास होणार नाही, पीई पन्नासवरून दीडशे होणार नाही, तेव्हा पुढची दहा वर्षं मागच्या दहासारखी (2010 ते 2020) येतील ही अपेक्षा कुठल्या आधारावर ठेवायची? मार्च 2025 पर्यंतची पाच वर्षं शेअरमागचा नफा वर्षाला पावणेआठ टक्क्यांच्या वेगाने वाढला, तोच वेग धरला आणि पीई आहे तिथे राहिला असं मानलं, तर डिव्हिडंड धरून साडेनऊ-दहा टक्के सुटतात. पीई चाळीसवर आला तर जवळपास तीन वर्षांची वाढ पुन्हा गेली. हे गणित कागदावर पाच मिनिटांत होतं, ते न करता लोक "डिफेन्सिव्ह शेअर आहे" (मंदीतही फारसा पडत नाही) म्हणून मोकळे होतात.

आणि डिफेन्सिव्हचंही ऐका. 2004 च्या मार्चमध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एरियलचा अर्धा किलोचा पुडा 70 वरून 50 रुपयांवर आणला आणि टाइडचा 43 वरून थेट 23 वर. लिव्हरला सर्फ एक्सेलचा भाव उतरवावाच लागला, पर्यायच नव्हता, कारण किराणावाल्याच्या फळीवर दोन्ही पुडे शेजारी शेजारी असतात. 2003 ला 1,770 कोटींच्या आसपास असलेला नफा 2004 ला 1,200 कोटींच्या आसपास आला, एका वर्षात तिसरा हिस्सा गायब, तेही देशातल्या सगळ्यात मोठ्या, जुन्या, घराघरात असलेल्या एफएमसीजी कंपनीचा. 2000 च्या तेजीत वरच्या भावाला ज्यांनी हा शेअर घेतला त्यांना दहा वर्षांनी मूळ भावही दिसत नव्हता. त्या दहा वर्षांत एकाही घरात कपडे धुणं बंद झालं नव्हतं.

डीमार्टबद्दल विचारलंय म्हणून, तिथेही हीच कथा पण अजून टोकाची. 2017 चा 299 रुपयांचा आयपीओ (शेअर्सची पहिली जाहीर विक्री), ज्यांना लागला त्यांचं सोनं झालं. ऑक्टोबर 2021 मध्ये भाव 5,900 च्या घरात होता, त्या वर्षी शेअरमागे नफा तेवीसेक रुपये, म्हणजे अडीचशे पट! पुढच्या तीन वर्षांत नफा 1,490 कोटींवरून 2,700 कोटींवर गेला, दुकानं वाढली, रविवारी पार्किंग मिळत नाही, आणि मार्च 2025 ला भाव चार हजारांच्या आसपास. दुकानातली गर्दी बघून शेअर घेऊ नका एवढंच सांगेन, गर्दी भावात आधीच धरलेली असते.

आता एशियन पेंट्स, आणि इथे मात्र प्रकरण वेगळं आहे, याला एचयूएलसारखंच "महाग होता, स्वस्त झाला" म्हणून चालणार नाही. जानेवारी 2022 मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास भाव होता, त्या वर्षी शेअरमागे नफा एकतीस-बत्तीस रुपये, म्हणजे एकशेदहा पट. तो पीई उतरणारच होता. पण 2023-24 ला 5,460 कोटी नफा कमावणाऱ्या कंपनीचा 2024-25 चा नफा 3,670 कोटींच्या आसपास आला, विक्रीही घटली, हे नुसतं पीईचं दुखणं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये आदित्य बिर्ला समूहातल्या ग्रासिमने बिर्ला ओपस हा रंगांचा ब्रँड आणला, 10 हजार कोटींची गुंतवणूक, सहा कारखाने, त्यातला एक आपल्या महाडला, वर्षाला 133 कोटी लिटरची क्षमता. इतका पैसा घेऊन या धंद्यात याआधी कोणी उतरलेलं नव्हतं.

सांगलीतल्या एका ओळखीच्या रंगाच्या दुकानात मी अधूनमधून बसतो. पूर्वी काउंटरमागे एशियनचं टिंटिंग मशीन मानाच्या जागी असायचं, आता तिथे तीन कंपन्यांची मशीनं ओळीने उभी आहेत. टिंटिंग मशीन म्हणजे पांढऱ्या बेसमध्ये रंगद्रव्याचे थेंब सोडून हवी ती शेड करून देणारं यंत्र, आणि ज्याचं मशीन दुकानात त्याचा माल दुकानात, असं वर्षानुवर्षं चाललेलं. मशीनचा खर्च आणि जागा या दोनच गोष्टींवर नवा खेळाडू अडायचा. ओपसने मशीन दुकानदाराला फुकटात दिलं आणि डब्यात 10 टक्के रंग जास्त दिला. दुकानदार मला म्हणाले, "गिऱ्हाईक शेड निवडतं, कंपनी पेंटर निवडतो." आणि पेंटर कशावर निवडतो तर डब्याच्या आतल्या कूपनवर, स्कॅन केलं की पॉइंट्स जमा होतात आणि त्याचे पैसे खात्यात येतात. ज्या कंपनीचे पॉइंट्स जास्त, तिचं नाव घरमालकाला सुचवलं जातं. टीव्हीवरच्या जाहिरातीचं वजन या साखळीत आपण समजतो त्यापेक्षा बरंच कमी आहे.

याचा अर्थ एशियन पेंट्स बुडाली असा अजिबात नाही. 1942 पासूनची कंपनी आहे, दुकानदाराकडे दिवसातून अनेकदा माल पोचवण्याची त्यांची व्यवस्था आजही दुसऱ्या कोणाला तितकी जमलेली नाही. सप्टेंबर 2025 च्या तिमाहीत देशातला व्हॉल्यूम जवळपास 11 टक्क्यांनी वाढला, पण रुपयांतली वाढ 6 टक्के, तो फरक नीट बघा. माल जास्त खपतोय पण लिटरमागे पैसे कमी मिळतायत, स्वस्त रंग आणि पुट्टी जास्त जातेय, सूट द्यावी लागतेय. ही दरी मिटायला लागली की मी या शेअरकडे पुन्हा गंभीरपणे बघेन, तोपर्यंत नाही. रिलायन्सने 2008 मध्ये 500 कोटींना घेतलेला हिस्सा जून 2025 मध्ये विकून साडेनऊ हजार कोटींच्या आसपास उचलले, आणि तो घेतला म्युच्युअल फंडांनी, त्यामुळे जाणकारांमध्येही एकमत नाही हे उघड आहे.

नेस्लेचं उदाहरण जो तो देतो, की मॅगीवर बंदी आली तेव्हा ज्याने घेतला तो जिंकला. खरं आहे. पण जून 2015 मध्ये झालं ते काय होतं, एका प्रॉडक्टवर सरकारी बंदी, तिमाहीत तोटा, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली, नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात. मुलांची आवड तशीच होती, समोर तोडीचा स्पर्धक नव्हता. तात्पुरतं संकट आणि धंद्याच्या मुळाशी आलेला बदल यांतला फरक ओळखता आला पाहिजे, रंगाच्या धंद्यात मॅगीसारखा एखादा कोर्टाचा निकाल येऊन सगळं पूर्ववत होणार नाहीये.

जीएसटीचं लोक फार चघळतायत म्हणून एक सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल 18 वरून 5 टक्क्यांवर आलं, बिस्किटं आणि नूडल्सही 5 वर, डिटर्जंट मात्र 18 वरच राहिलं. कर कमी झाला तो गिऱ्हाइकाला द्यायचा आहे, कंपनीच्या खिशात राहत नाही. कंपनीला फायदा झालाच तर जास्त माल खपून होईल, आणि 5 न् 10 रुपयांच्या पॅकमध्ये किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवतात, तिथे टनाने व्हॉल्यूम वाढलेला दिसेल पण पॅकची संख्या कदाचित तीच असेल. म्हणून निकालात व्हॉल्यूम वाढला म्हणून लगेच उडी मारू नका, रुपयांतली वाढ त्याच्या शेजारी ठेवून बघा.

तुमच्या 15 हजारांचं म्हणाल तर, मी तुमच्या जागी असतो तर 10 हजारांची सरळ निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या 50 मोठ्या कंपन्यांचे शेअर्स त्याच प्रमाणात घेणारा फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, लावली असती. त्यात एचयूएल, आयटीसी, नेस्ले, एशियन पेंट्स, टायटन सगळे आहेतच, थोडे थोडे. उरलेले 5 हजार यातल्या एका कंपनीसाठी साठवत जा आणि तिचे चार तिमाही निकाल ओळीने वाचल्याशिवाय एकही शेअर घेऊ नका. एचयूएल पीई चाळीसच्या खाली आला तर मला आवडेल, डीमार्ट आणि नेस्ले सध्याच्या पीईला मी घेणार नाही.

आता वडिलांचे शेअर्स, आणि हे सगळ्यात आधी करा, बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल. सर्टिफिकेटवर दर्शनी किंमत 10 रुपये लिहिली असेल तर ते 50 शेअर्स आता 500 आहेत, 2000 साली एकाचे दहा झाले होते, आणि नवीन सर्टिफिकेट पोस्टाने येऊन कुठे पडलंय का तेही घरात शोधा. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आधी डीमॅट (कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंद) करावाच लागतो. एचयूएलचं रजिस्ट्रारचं (भागधारकांच्या नोंदी ठेवण्याचं) काम केफिन टेक्नॉलॉजीज बघते, त्यांच्याकडे वडिलांचा फोलिओ नंबर देऊन दोन गोष्टी विचारा, पत्ता-पॅन-बँक खातं नोंदलेलं आहे का, आणि डिव्हिडंड शेवटचा कधी उचलला गेला. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नसेल तर शेअर्सच सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी) खात्यात जातात, ते बुडत नाहीत पण आयईपीएफ-5 फॉर्म भरून परत मागावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. वडिलांची सही सर्टिफिकेटच्या काळातल्या सहीशी जुळत नसेल तर बँकेकडून सही प्रमाणित करून घ्यावी लागेल. डीमॅट खातं वडिलांच्याच नावाने उघडा आणि त्यात नॉमिनी म्हणून आईचं किंवा तुमचं नाव त्याच दिवशी घाला.