लिस्टिंग झालं की नवीन काही करणं बंद होतं का?

प्रश्न: मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आता आमचा आयपीओ येतोय, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदाच लोकांना विकून ती शेअर बाजारात लिस्ट होणार. टीममधले जुने लोक म्हणतात, संपलं, यापुढे फक्त क्वार्टरचे आकडे. खरंच असं होतं का?

उत्तर: अर्धं खरंय. आधी त्यांची भीती कुठून येते ते बघा. रिसर्चवर केलेला बराचसा खर्च हिशोबात त्याच वर्षी खर्च म्हणून पडतो, म्हणजे फळ पाच वर्षांनी आणि नफा आजच कमी. खासगी कंपनीत मालकाला पटलं की विषय संपला. लिस्टेड कंपनीत दर तीन महिन्यांनी जाब विचारणारे शेकडो असतात, मग सीएफओ, म्हणजे कंपनीचा पैशाचा कारभार बघणारा, सगळ्यात आधी कात्री लावतो ती रिसर्चलाच, कारण त्याने आजची विक्री घटत नाही ना!

यावर फायनान्सचे अभ्यासक शाय बर्नस्टीन यांचा २०१५ चा एक अभ्यास मला फार आवडतो. आयपीओसाठी अर्ज केलेल्या अमेरिकन कंपन्या घेतल्या, काही लिस्ट झाल्या आणि काहींनी बाजार पडला म्हणून माघार घेतली, आणि मग दोघींची तुलना केली. लिस्ट झालेल्यांच्या पेटंटची संख्या फारशी घटली नाही पण दर्जा साधारण ४० टक्क्यांनी घसरला, चांगले संशोधक सोडून गेले. गंमत पुढे आहे, याच कंपन्या हातात आलेल्या पैशातून बाहेरची नवी माणसं आणि बाहेरचं संशोधन विकत घ्यायला लागल्या. म्हणजे इनोव्हेशन बंद नाही झालं, घरी शिजवायचं सोडून बाहेरून मागवायला लागले एवढंच.

खासगी म्हणजे मोकळं रान असंही नाही हं. कॉम्प्युटरवाली डेल २०१३ मध्ये शेअर बाजारातून बाहेर पडून खासगी झाली, पण मोठं कर्ज काढून, आणि २०१८ मध्ये परत लिस्ट झाली. शेअरहोल्डर गेले तरी बँकेचा हप्ता चुकत नाही. उलट गूगल २००४ मध्ये लिस्ट होतानाच संस्थापकांच्या शेअरला दहा-दहा मतं ठेवून आली, त्यामुळे बाजाराने कितीही नाकं मुरडली तरी निर्णय त्यांचाच.

तेव्हा प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे आयपीओच्या माहितीपत्रकात, दोन गोष्टी शोधा, मतं कोणाच्या हातात राहणार आणि जमा झालेला पैसा नक्की कशावर खर्च होणार. आणि हो, लॉक-इन, म्हणजे आधीपासूनचे शेअर विकता न येण्याचा काळ, कधी संपतो ती तारीखही बघून ठेवा, तुमच्या त्या जुन्या लोकांनी ती आधीच बघितलेली असणार.