नदीकाठचं मोठं चित्र करण्याआधी तैलरंगात छोटं अभ्यासचित्र का करतात? हल्ली फोटो काढून भागत नाही का?

फोटो तपशिलासाठी कामाला येतो. पण चित्रात काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे तो ठरवून देत नाही. ते काम अभ्यासचित्राचं.

मला हे खरं पटलं ते फ्रेंच चित्रकार झॉर्झ सरा याच्या ‘बेदर्स ॲट आनिएर’ या चित्रामुळे. पॅरिसजवळ सीन नदीच्या काठी उन्हात बसलेली, पाण्यात उतरलेली माणसं आणि पोरं, मागे क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी. १८८४ साली पूर्ण झालेला हा कॅनव्हास २०१ बाय ३०० सेंटिमीटरचा आहे. त्यासाठी सराने डझनभर तरी छोट्या लाकडी फळ्या रंगवल्या. एकेक फळी जेमतेम १६ बाय २५ सेंटिमीटर, रंगपेटीत सहज मावणारी. त्यांना तो ‘क्रोकतों’ म्हणायचा.

या फळ्या लावून पाहिल्या की त्याचा विचार दिसतो. काही फळ्यांवर नदीत धुवायला आणलेले घोडे आहेत. एकीवर चक्क इंद्रधनुष्य आहे! मोठ्या चित्रात घोडेही नाहीत आणि इंद्रधनुष्यही नाही. इतकी सुंदर गोष्ट काढून टाकायला धाडस लागतं, आणि ते त्याला फळीवरच जमलं. तीन मीटरच्या कॅनव्हासवर रंगवून झाल्यावर पुसणं किती जिवावर येतं, ते हातात ब्रश धरणाऱ्याला विचारा. इंद्रधनुष्याची ती फळी आणि मोठं चित्र, दोन्ही लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहेत.

फळीवर चेहरे नाहीत, बोटं नाहीत. माणूस म्हणजे ब्रशचे चार-पाच फटकारे, मधून लाकडाचा तपकिरी रंग डोकावतो. आकृत्यांचा बारीक अभ्यास त्याने वेगळा केला, स्टुडिओत मॉडेल बसवून, काळ्या कॉन्टे क्रेयॉनने, म्हणजे खडूसारख्या कडक कांडीने. उजेड आणि रंग फळीवर, शरीराचा घाट कागदावर, अशी त्याने कामाची वाटणी केली होती. ती शिकण्यासारखी आहे.

मी वाईला कृष्णेच्या घाटावर बसतो तेव्हा सर्वांत मोठा ब्रश घेतो आणि अर्ध्या तासात फळी संपवतो, कारण तेवढ्यात ऊन सरकतं. पायऱ्यांवरची सावली फोटोत काळी पडते. समोर बसलं की तीच निळसर-जांभळी दिसते, पाण्याजवळ थोडी हिरवी. घरी मोठं चित्र करताना सावलीचा रंग मी फळीवरून उचलतो. पायऱ्या किती होत्या, हे मात्र फोटोत मोजतो.