दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी डार्क फँटसी लिहिताना भीती किती ठेवावी?
भीती कमी करू नका, हळूहळू चढवा. आमच्या नाशकात गोदेला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलं, यावरून लोक पुराचा अंदाज घेतात. गुडघे, कंबर, छाती. कथेतलं संकटही असंच डोळ्यांदेखत वर यावं. राक्षसाचं पानभर वर्णन नको. घाटाच्या पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे, तेही फक्त नदीतून वर येणारे, एवढं पुरतं. मुंजा, चकवा, हडळ जरूर आणा, पण त्यांचे नियम आधी ठरवा आणि मध्येच मोडू नका, मुलं फसवणूक लगेच ओळखतात. सुटका मोठ्यांनी करू नये. निर्णय कथेतल्या घाबरलेल्या पोरीचाच हवा, त्याची किंमतही तिनेच मोजावी. रक्त मात्र मी जवळजवळ वापरतच नाही.