'गो, वेंट, गॉन' तोंडपाठ आहे, तरी बोलताना चुकतं. काय करू?

पाचवीपासून 'गो, वेंट, गॉन' पाठ आहे, तरी तोंडातून 'आय डिड नॉट वेंट' निघतंच आणि 'हॅज गॉन' की 'हॅज बीन' हे तर कधीच कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बँकेची मुलाखत जवळ आलीय म्हणून घाईही आहे. मी नागपूरला महाल भागात संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी घेते, 17 वर्षं झाली. नेमक्या याच दोन चुका घेऊन दरवर्षी मुलं येतात, आणि पाठांतर सगळ्यांचं चोख असतं. तेव्हा तो तक्ता पुन्हा घोकू नका. 'जाणे' हे आपलं क्रियापद आधी नीट बघा, अर्धं काम तिथेच होतं.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर 'जाणे' लिहिते आणि भूतकाळ विचारते. सगळे एका सुरात 'गेला' म्हणतात. मग विचारते, 'जाणे'मधला 'ज' कुठे गेला? वर्ग गप्प होतो. जन्मापासून बोलतोय, पण हे कुणाच्या ध्यानातच आलेलं नसतं. 'जाणे' आलं संस्कृतातल्या 'या' धातूवरून आणि 'गेला' आलं 'गम्'वरून, म्हणजे 'गत'वरून. दोन वेगळ्या क्रियापदांचे तुकडे एका संसारात नांदतायत. 'होणे' आणि 'झाला' यांचंही तसंच.

इंग्रजीत अगदी हेच झालं. 'वेंट' हे मुळात 'गो'चं नव्हतंच. 'वेंड' नावाचं दुसरं क्रियापद होतं, वळत वळत वाट धरणे अशा अर्थाचं. सेंड–सेंट, स्पेंड–स्पेंट, तसं वेंड–वेंट. 'गो'चा जुना भूतकाळ वेगळा होता, तो मागे पडला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास 'वेंट' त्याच्या जागी पक्का बसला. रोजच्या वापरातली क्रियापदं अशीच वाकडी राहतात, कारण ती इतक्यांदा कानावर पडतात की नियम लावायची वेळच येत नाही. 2007 साली 'नेचर' या नियतकालिकात संशोधकांनी जुन्या इंग्रजीतल्या 177 अनियमित क्रियापदांचा हिशोब मांडला. आज त्यातली 98 तेवढी अनियमित उरलीत, आणि कमी वापरातली क्रियापदं आधी सरळ झाली. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, आता साधं 'हेल्प्ड' आहे. आपल्याकडे बघा: करणे–केला, मरणे–मेला, येणे–आला, पिणे–प्याला. सगळी घरातली, रोजची.

आता 'आय डिड नॉट वेंट'. ही चूक मराठीतून येते आणि तिला कारण आहे. आपण म्हणतो 'मी गेलो नाही'. नकार आला तरी 'गेलो' जागचं हलत नाही, भूतकाळ त्याच्याच अंगावर राहतो. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की 'डिड' पुढे येतं आणि भूतकाळाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतं. मग मागचं क्रियापद मोकळं होतं: 'आय डिड नॉट गो', 'डिड यू गो?'. ओझं एकच आहे, दोघांच्या डोक्यावर ठेवायचं नाही. म्हणजे 'वेंट' फक्त सरळ, होकारार्थी वाक्यात. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, कारण पुस्तकात तो घाईत उरकतात: 'कोण गेलं?' याचं इंग्रजी 'हू वेंट?' असंच होतं. तिथे 'कोण' हाच कर्ता असल्यामुळे 'डिड' लागत नाही.

'गॉन' आणि 'बीन'ची भीती तर मनातून काढूनच टाका, कारण हा फरक मराठीत आपण एकदाही चुकत नाही. शेजारच्या काकू दारात येऊन विचारतात, 'बाबा आहेत का?' आणि तुम्ही सांगता, 'बाबा वर्ध्याला गेलेत.' म्हणजे ते आत्ता घरी नाहीत. हे 'ही हॅज गॉन टू वर्धा'. संध्याकाळी बाबा परत आले, पाय धुऊन चहाला बसले, आता तेच सांगतात, 'वर्ध्याला जाऊन आलो.' हे 'आय हॅव बीन टू वर्धा'. 'गेलाय' म्हणजे गॉन, 'जाऊन आलाय' म्हणजे बीन. त्यामुळे समोर बसून 'आय हॅव गॉन टू मुंबई' म्हणता येत नाही. मुंबईला गेलेला माणूस नागपुरात मुलाखतीच्या खुर्चीवर कसा असेल?

यापेक्षा खोल रुतलेली चूक 'गेलो होतो'ची आहे, आणि तुम्ही ती विचारलेलीही नाही. 'काल मी बर्डीला (म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीला) गेलो होतो' हे आपलं साधं वाक्य. त्यातल्या 'होतो'साठी आपण बेधडक 'हॅड' घालतो: 'आय हॅड गॉन टू बर्डी यस्टरडे'. मराठीत तो 'होतो' गेलो आणि परत आलो एवढंच सुचवतो. इंग्रजीला 'हॅड' हवा असेल तर त्याच्यानंतर घडलेली दुसरी एखादी गोष्ट लागते. 'मी स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी गेली होती', इथे 'द ट्रेन हॅड गॉन' अगदी बरोबर, कारण गाडीचं जाणं आधी आणि माझं पोचणं नंतर. नुसत्या बर्डीच्या फेरीला 'आय वेंट टू बर्डी यस्टरडे' पुरतं. आणि 'यस्टरडे' आलं की 'हॅव'ही नाही.

आपल्या नागपूरच्या बोलीचा एक फायदा सांगते. शाळेत 'जाऊन राहिलो' म्हटलं की शुद्ध बोल म्हणून दटावतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. 'मी बर्डीला जाऊन राहिलो' म्हणजे वाटेत आहे, 'आय ॲम गोइंग'. 'उद्या अमरावतीला जाऊन राहिलो', ठरलेला बेत, तरी इंग्रजीत तेच 'आय ॲम गोइंग टू अमरावती टुमॉरो'. रोज जाण्याला मात्र आपण 'जातो' म्हणतो, तिथे 'आय गो'. ज्याला 'जातो' आणि 'जाऊन राहिलो' यांतला फरक कळतो त्याला 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' वेगळं शिकवावं लागत नाही.

पण प्रत्येक 'गेला'ला 'गो' चालत नाही. 'विसरून गेलो' म्हणजे नुसतं 'आय फरगॉट'. मे महिन्यात दूध नासून गेलं तर 'द मिल्क वेंट बॅड', तिथे योगायोगाने जुळतं. माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा वारले तेव्हा त्याने रजेच्या अर्जात लिहिलं, 'माय ग्रँडफादर हॅज गॉन'. साहेबांनी विचारलं, 'कुठे गेलेत?' पोरगा तेराव्यानंतर वर्गात आला तेव्हा त्याने तो अर्ज मला दाखवला. घडीवर घडी घालून खिशात ठेवला होता. त्या संध्याकाळी आम्ही दुसरं काही घेतलं नाही. 'पास्ड अवे' हे दोन शब्द सगळ्यांनी वहीत लिहून घेतले.

मुलाखतीपर्यंत एवढं करा. रोज रात्री चार वाक्यं लिहा आणि मोठ्याने म्हणा: आज कुठे गेलो, कुठे गेलो नाही, घरातलं कोण कुठे गेलंय आणि अजून आलेलं नाही, आणि आयुष्यात कुठे जाऊन आलोय. आधी मराठीत, मग इंग्रजीत. 'गोज'चा 'ज' 'जीव'मधला नको, 'जरा'मधला हवा. 'गो होम'मध्ये 'टू' घालू नका, आपणही 'घराला जातो' म्हणत नाही, 'घरी जातो' म्हणतो. आणि समोरून 'हॅव यू एव्हर बीन टू मुंबई?' आलं तर 'बीन'ला 'बीन'नेच उत्तर द्या आणि दिवस सांगताना 'वेंट'वर या: 'येस, आय हॅव बीन देअर ट्वाइस. आय वेंट लास्ट डिसेंबर.'