सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल : वाचकांचे प्रश्न

मुलीचा जन्म २८ डिसेंबर २००८ चा. २०२६ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी ती बसत नाही असं कोच म्हणतात. चार दिवसांसाठी?
(एक पालक, घणसोली)

हो, चार दिवसांसाठी. इथे वाढदिवस बघत नाहीत, जन्मवर्ष बघतात. २०२२ ला भारतात स्पर्धा झाली तेव्हा मर्यादा १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतरचा जन्म अशी होती. २०२५ पासून स्पर्धा दर वर्षी मोरोक्कोत होते, त्यामुळे मर्यादाही वर्षागणिक सरकते : २०२५ ला २००८, २०२६ ला २००९. डिसेंबरचा जन्म मुळातच तोट्याचा. त्याच गटातली जानेवारीची मुलगी जवळपास वर्षाने मोठी असते आणि निवड चाचणीत ती उंचीवरच नजरेत भरते. पण २० वर्षांखालील स्पर्धा दर दोन वर्षांनी येते. २०२६ ला २००६ पासूनचा जन्म चालतो आणि त्याच हिशेबाने २०२८ ला २००८ पासूनचा. म्हणजे तिथे तुमच्या मुलीला दोन संधी आहेत.

कागदपत्रं मात्र आजच काढून बघा. मुलग्यांचं वय पडताळायला मनगटाचा एमआरआय करतात. मुलींच्या हाडांची टोकं लवकर जुळतात, म्हणून ती तपासणी त्यांच्या बाबतीत भरवशाची नाही. सगळा भार कागदांवर येतो. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, जन्मदाखल्यावर नुसतंच ‘बेबी’ हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. तो निवडीनंतर निस्तरायला वेळ उरत नाही.

२०२२ च्या विश्वचषकात नेरूळला नायजेरिया-अमेरिका उपांत्यपूर्व सामना १-१ सुटला, पण जादा वेळ न देता थेट पेनल्टी कशा?
(नेरूळ)

नियमच तसा होता : बाद फेरीत ९० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर थेट पेनल्टी. वाढत्या वयाच्या मुली, त्यात चार-पाच दिवसांनी पुढचा सामना, म्हणून. २००८ च्या पहिल्या स्पर्धेत जादा वेळ होता. उत्तर कोरियाने अंतिम सामना त्यातच जिंकला. नेरूळच्या अंतिम सामन्यात ही वेळ आली नाही. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाकडून स्वयंगोल झाला आणि स्पेन १-० ने जिंकलं.

मुलगी ठाण्यात टर्फवर सराव करते. गुडघा सांभाळायला काय करावं?
(वर्तकनगर)

आधी बूट बघा. नैसर्गिक गवताचे लांब स्टडचे (तळाला खुंट असलेले) बूट टर्फच्या आखूड कृत्रिम गवतात रुततात : पाऊल जागीच राहतं, अंग वळतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. टर्फसाठी बारीक रबरी स्टडचे ‘टीएफ’ बूट घ्या.

मग उडी बघा. फूटभर उंच ओट्यावरून दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि समोरून, गुडघ्याच्या उंचीवर मोबाइल धरून स्लो मोशनमध्ये टिपा. टेकताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर तेच दुरुस्त करायचंय. मुलींमध्ये गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा पुढचा लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त आहे आणि बऱ्याचदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो.

‘फिफा ११+’ हा वॉर्म-अप यासाठीच आहे. आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून किमान दोनदा. मधल्या दहा मिनिटांत प्लँक, एका पायावर उभं राहणं (प्रत्येक पायावर ३० सेकंद, दोनदा), स्क्वॉट, उड्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक : गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, कंबरेत न वाकता सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळा पुरे. टर्फ तासाच्या भाड्याने असतं, म्हणून नेमकी हीच दहा मिनिटं कापली जातात. ती गेटबाहेर फरशीवर उरका, त्यासाठी टर्फ लागत नाही.

वळताना ‘कट्’ आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला, तर खेळ बंद, बर्फ, आणि हाडांचे डॉक्टर. मालीश अजिबात नको.