पटकथा-शंका : आधी खलनायकाचं वेळापत्रक लिहा

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : ॲक्शन पटकथेतला नायक-खलनायक संघर्ष. पहिल्या पत्रासोबत कथेचा गोषवाराही आला होता. पुढची उत्तरंही शक्यतो त्याच कथेच्या आधाराने दिली आहेत.

प्रश्न : माझा नायक रघू हा बुडालेल्या जहाजांवर काम करणारा पाणबुड्या आहे. सामंत नावाचा मालक विम्याच्या पैशासाठी स्वतःचं जहाज बुडवतो आणि त्यात रघूचा भाऊ मरतो. मग रघू सूड घेतो. ११८ पानं आहेत, ९ मारामाऱ्या आहेत. तरी वाचणारे सगळे म्हणतात, ४० व्या पानानंतर कंटाळा येतो. ॲक्शन कमी पडतेय का?

ॲक्शन भरपूर आहे. कमी पडतोय तो सामंत. गोषवाऱ्यात ७० व्या पानापर्यंत तो ऑफिसात बसून गुंड पाठवतो, रघू त्यांना झोडपतो, तो आणखी गुंड पाठवतो. तिसरी, चौथी आणि सहावी मारामारी काढून टाका आणि कथा पुन्हा वाचा. काहीच बिघडत नाही. जो प्रसंग काढल्याने पुढचं काही अडत नाही, तिथे प्रेक्षक घड्याळ बघतो, मग पडद्यावर कितीही काचा फुटोत.

ॲक्शन कथेचं इंजिन खलनायकाकडे असतं. त्याला काहीतरी घडवून आणायचं असतं आणि नायक त्याच्या आड येतो. म्हणून आधी नायकाला पूर्ण बाजूला ठेवून सामंतचं वेळापत्रक लिहा. पहिल्या दिवशी जहाज बुडतं. पाचव्या दिवशी विम्याचा दावा दाखल होतो. बाराव्या दिवशी चौकशी अधिकारी नेमला जातो. विसाव्या दिवशी चौकशीचे पाणबुडे खाली उतरणार आहेत. त्याआधी सामंतला ब्रिजवरचं, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतलं, बोलणं टिपणारा रेकॉर्डर नष्ट करायचा आहे, कारण जहाज बुडवण्याचा हुकूम त्यात आहे. रघू जन्मालाच आला नसता तर ही योजना सुरळीत पार पडली असती का? उत्तर ‘हो’ येईपर्यंत वेळापत्रक दुरुस्त करत राहा. मुळातच भोकं असलेली योजना हाणून पाडण्यात नायकाचा काय पराक्रम?

आता रघूला त्यात सोडा. दोघांनाही तोच रेकॉर्डर हवाय, तो एकच आहे आणि विसाव्या दिवसानंतर त्याचा कुणालाच उपयोग नाही. इथे ‘सूड’ या शब्दाचा अडसरही दूर होतो. सूड ही भावना झाली. ती कॅमेऱ्याला दिसत नाही, तिला मुदतही नसते. रेकॉर्डर हातात धरता येतो, लपवता येतो, हिसकावता येतो.

यानंतर दोन रकाने करा, डावीकडे सामंतची चाल आणि उजवीकडे रघूची. प्रत्येक चाल समोरच्याच्या आधीच्या चालीमुळे आली पाहिजे. दोन ओळींच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत असेल तर ठीक. ‘आणि मग’ बसत असेल तर तिथे साखळी तुटली आहे. तुमच्या गोषवाऱ्यात २८ ते ७० या पानांमध्ये आम्हाला जवळजवळ सगळीकडे ‘आणि मग’च सापडलं.

पानांचं गणित ढोबळ असतं, पण हाताशी असावं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट. ११० पानांच्या पटकथेत १२ व्या पानाच्या आसपास रघूचं रोजचं आयुष्य मोडावं. २५ ते २८ च्या दरम्यान त्याने मागे फिरता येणार नाही असा निर्णय घ्यावा. ५५ च्या आसपास डाव उलटावा, ८० ते ८५ मध्ये त्याच्या हातचं सगळं जावं आणि ९५ पासून शेवटची झुंज सुरू व्हावी. दोन-चार पानं इकडेतिकडे झाली तर काही बिघडत नाही. मात्र डाव उलटणं ७० व्या पानावर गेलं तर मधला भाग हमखास लोंबकळतो.

प्रश्न : खलनायकाला नायकाला मारायच्या दहा संधी मिळतात. तो मारत का नाही, असं प्रत्येक वाचक विचारतो. काय करू?

वाचक बरोबर विचारतात. खलनायक बंदूक रोखून भाषण देत बसला की प्रेक्षकाला तो मूर्ख वाटतो आणि मूर्ख माणसाची भीती वाटत नाही. यावर दोनच उपाय आहेत. एक म्हणजे तशा संधीच काढून टाका, दोघांना वरचेवर समोरासमोर आणू नका. दुसरा अधिक चांगला : नायक जिवंत राहणं ही खलनायकाची गरज करून ठेवा.

वरच्याच कथेत बघा. ५५ व्या पानावर रघू रेकॉर्डरपर्यंत आधी पोहोचतो, पण सिलिंडरमधली हवा संपत आलेली असते आणि बाहेरच्या वाटेवर सामंतची माणसं असतात. तो रेकॉर्डर बुडालेल्या जहाजातच दुसऱ्या कप्प्यात लपवतो आणि वर येतो. आता ती जागा एकट्या रघूला ठाऊक आहे. कालपर्यंत सामंतला तो मेलेला हवा होता, आजपासून जिवंत हवा आहे. ॲक्शनचा प्रकारही आपोआप बदलतो. गोळीबार थांबतो आणि पाठलाग, अपहरण, दबाव, सौदेबाजी सुरू होते. मधल्या भागात नेमका हाच बदल लागतो.

प्रश्न : माझा खलनायक क्रूर आहे. तीन खून करतो, नोकराचा हात तोडतो. तरी त्याचा धाक वाटत नाही.

क्रौर्याने किळस येते. धाक वाटतो तो क्षमतेचा. खलनायकाकडे नायकापेक्षा तीन गोष्टी जास्त द्या : माहिती, माणसं आणि वेळ. मग पहिल्या अर्ध्या भागातल्या बहुतेक चकमकी त्याला जिंकू द्या. नायक जीव वाचवून निसटला तर चालेल, पण प्रत्येक वेळी काहीतरी गमावून निसटला पाहिजे : साक्षीदार, पैसा, मित्राचा विश्वास, उजवा खांदा. जखम झाली तर ती पुढेही दिसली पाहिजे. ३० व्या पानावर निखळलेल्या खांद्याने ३५ व्या पानावर दोरावर चढणारा नायक वाचकाच्या मनातून उतरतो.

हात तोडण्याचा प्रसंग ठेवायचाच असेल तर त्यातून त्याची काम करण्याची पद्धत कळू द्या. तो कशाच्या बदल्यात कुणाला शिक्षा करतो? त्याच्या मते तो बरोबर आहे का? सामंतच्या तोंडी एक युक्तिवाद द्यावा, क्षणभर पटेल असा : कंपनी बुडाली असती तर ४०० घरं उघड्यावर आली असती, मी ११ माणसं गमावली. हा हिशेब रघूला खोडून काढता आला नाही तर दोघांमधली गाठ शारीरिक राहत नाही, नैतिक होते.

सामंतनेच रघूला पाणबुड्याचं काम शिकवलं, असं केलंत तर आणखी फायदा होतो. दोघांचं कौशल्य सारखं, शिकवण सारखी, फक्त एक रेषा एकाने ओलांडली आणि दुसऱ्याने नाही. शिवाय शेवटच्या झुंजीत सामंत स्वतः पाण्यात उतरू शकतो. ऑफिसात बसणाऱ्या खलनायकाशी शेवटी हाणामारी कशी करायची, हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : मारामारी पानावर लिहायची कशी? प्रत्येक ठोसा लिहावा का? की ‘जोरदार फाइट होते’ एवढं पुरे?

दोन्ही चूक. प्रत्येक ठोसा लिहिलात तर वाचणारा परिच्छेद गाळून पुढे जातो आणि फाइट मास्टर तसंही सगळं नव्याने बसवतो. ‘जोरदार फाइट होते’ लिहिलंत तर चार मिनिटांचा प्रसंग एका ओळीत मावतो. मग लांबीचा, शूटिंगच्या दिवसांचा आणि खर्चाचा अंदाज कोसळतो.

लिहायची ती वळणं. एका झटापटीत तीन-चार पुरतात. लिहायला बसण्याआधी चार गोष्टी नक्की करा : या जागेत कुणाला काय हवंय, दारं-खिडक्या-अडथळे कुठे आहेत, मध्येच परिस्थिती कशाने बदलते आणि शेवटी कुणाच्या हातात काय राहतं. प्रसंगाच्या सुरुवातीला आणि शेवटी पारडं तितकंच राहिलं असेल तर प्रसंग झालाच नाही. मध्यम झटापटीला दोन ते तीन पानं, शेवटच्या झुंजीला सहा-सात. परिच्छेद तीन ओळींच्या वर नको. एका परिच्छेदात एक वळण.

नमुना :

आत – बुडालेलं जहाज, इंजिन रूम – दिवस

गढूळ पाणी. टॉर्चचा झोत हातभर अंतरावर विरतो. रघू पाइपमागून रेकॉर्डर ओढून काढतो.

मागून हात येतो. रघूचा मास्क उपटला जातो. आता त्याला फक्त उजेडाचा डाग दिसतो.

तो झुंजत नाही. टॉर्च विझवतो.

अंधार. आता सामंतलाही काही दिसत नाही.

चार छोटे परिच्छेद, एकही ठोसा नाही, तरी कोण वरचढ ते दोनदा बदललं. मास्क गेल्यावर रघूने अंधाराचाच वापर केला, यातून त्याचा स्वभावही कळला. असे निर्णय लिहा. लाथा कुठून माराव्यात, ते ज्यांचं काम त्यांच्यावर सोडा.

प्रश्न : घड्याळ लावलेला बॉम्ब फार वापरून झालाय. वेळेचा ताण दुसरा कसा आणायचा?

ज्या कामाच्या आसपास कथा आहे, त्या कामातच घड्याळ शोधा. पाणबुड्याच्या पाठीवर ते असतंच. १२ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाला भरला की त्यात २,४०० लिटर हवा असते. ५० बार, म्हणजे ६०० लिटर, वर येण्यासाठी राखून ठेवायची. उरली १,८००. शांत माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर लागतात असं धरू. ३० मीटर खाली दाब चौपट असतो, म्हणून ८० लिटर लागतात. हाताशी साधारण २२ मिनिटं आली. झटापटीत श्वास दुप्पट झाला तर अकराच. म्हणजे मारामारी हीच घड्याळाचा काटा पुढे ढकलते. जो जास्त धडपडेल त्याची वेळ आधी संपेल. लाल आकडे दाखवणाऱ्या बॉम्बला हे जमत नाही, तो नायक काय करतोय याकडे न बघता चालत राहतो.

हे गणित प्रेक्षकाला आधी कळलेलं हवं, तेही धडा दिल्यासारखं नाही. १५ व्या पानावर रघू नवख्या पोराला दाबमापक दाखवत दटावतो : काटा पन्नासवर आला की हातातलं सोनंही सोडायचं आणि वर यायचं. बस्स. त्यानंतर झुंजीत काट्याचा एक क्लोजअप पुरतो.

अग्निशमन, शस्त्रक्रिया, डोंगरावरची सुटका, सगळीकडे अशी घड्याळं आहेत. त्या कामातल्या माणसाला एकच प्रश्न विचारा : कामात सर्वात आधी काय संपतं?

प्रश्न : नायकाचा जिवलग मित्रच खरा खलनायक आहे, हे मी शेवटच्या दहा पानांत उघड करतो. चालेल?

चालेल, पण तोवर नायकावर दबाव आणणारा एक दिसता विरोधक लागेल, नाहीतर ९० पानं तो हवेत तलवार फिरवत राहील. मित्राचंही वेगळं वेळापत्रक लिहा आणि त्याचा प्रत्येक प्रसंग दोन्ही अर्थांनी वाचून बघा. फक्त प्रेक्षकाला चकवण्यासाठी तो स्वतःच्या फायद्याविरुद्ध वागला असेल तर ते पान बदला. आमचं मत विचाराल तर भेद शेवटच्या दहा पानांऐवजी ८० च्या आसपास उघड करा. धक्का क्षणात ओसरतो. मित्र आता शत्रू आहे हे माहीत असताना होणारी झुंज मात्र वीस पानं पुरते.

प्रश्न : शेवटी खलनायक कड्यावरून पाय घसरून पडतो. नायकाच्या हाताला रक्त लागू नये म्हणून असं केलं. पण शेवट फुसका वाटतो.

पाय घसरला तो योगायोग. योगायोगाने नायक संकटात सापडला तर प्रेक्षक मान्य करतो, संकटातून सुटला तर करत नाही. हाताला रक्त न लागू देण्याची तुमची इच्छा योग्य आहे, पण खलनायक ज्या कोंडीत संपतो ती नायकाने केलेली असावी आणि त्यासाठी नायकाने काहीतरी पणाला लावलेलं असावं.

रघूच्या कथेत हे असं बसवता येईल. वस्तू वर पाठवायची हवेची पिशवी पाणबुड्यांकडे असते. ती पाण्याखाली आपल्याच सिलिंडरच्या हवेने भरायची. ३० मीटरवर २० लिटरची पिशवी भरायला ८० लिटर हवा जाते. शांत असताना हा एका मिनिटाचा श्वास झाला, झटापटीत अर्ध्या. शेवटी दोघांचेही काटे पन्नासच्या खाली आहेत आणि रेकॉर्डर रघूच्या हातात आहे. तो स्वतःची हवा पिशवीत सोडतो, रेकॉर्डर बांधतो आणि सोडून देतो. पिशवी वर निघते, तिथे चौकशीची बोट उभी आहे.

आता सामंतपुढे दोनच वाटा आहेत. सावकाश वर जाऊन पकडलं जायचं, किंवा पिशवीच्या मागे सुसाट सुटायचं. श्वास रोखून वेगाने वर गेलं तर आतली हवा पसरते आणि फुप्फुस फाटतं, हे त्यानेच रघूला शिकवलं होतं. तो सुटतो. रघूने त्याला हात लावलेला नाही, तरी ही कोंडी रघूनेच केली आणि त्यासाठी आपला श्वास दिला.

यासाठी पिशवी आधी पेरायला हवी, तीही दोनदा. सहाव्या पानावर रोजच्या कामात रघू तिने नांगर वर काढतो, कुणाचं लक्षही जात नाही. ५५ व्या पानावर रेकॉर्डर वर पाठवायला तो तीच काढतो, पण ती फाटलेली निघते, म्हणूनच त्याला तो लपवावा लागतो. १०४ व्या पानावर ती कामी येते. एकदाच पेरलं तर प्रेक्षक विसरतो, तीनदा पेरलं तर शेवट आधीच ओळखतो. श्वास न रोखण्याचा नियमही याच हिशेबाने आधी दोनदा येऊ द्या : एकदा सामंतच्या तोंडून, एकदा रघूच्या.