पाळीव सोबती : उत्तरायणाच्या आवाजाला भिणारा मोती

दांडिया बाजार, बडोदे येथून एक वाचक लिहितात : आमचा मोती हा दोन वर्षांचा देशी कुत्रा एरवी शांत आणि मायाळू आहे. यंदा दिवाळीत मात्र तो फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली शिरून थरथरत राहिला, लक्ष्मीपूजनाच्या रात्री दार उघडे मिळताच पळाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. आता उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, दोन महिन्यांवर आले आहे. तेव्हा त्याला सर्वांबरोबर गच्चीत बांधून ठेवले तर आवाजाची सवय होईल, असे सासरे म्हणतात. मला ते पटत नाही. काय करावे?

उत्तर : ताई, मोतीला गच्चीत मुळीच बांधू नये. ज्या आवाजाची भीती वाटते त्यापासून दूर जाण्याची वाटच नाही असा अनुभव एकदा आला, की कुत्र्याची भीती पक्की होते आणि पुढे नुसते गच्चीच्या जिन्याकडे नेले तरी तो अंग चोरू लागतो. असा कुत्रा कधी कधी थोड्या वेळाने गप्प बसतो व घरच्यांना वाटते की तो सरावला. परंतु शेपूट पायांत दाबलेली, कान मागे पडलेले, लाळ गळत असलेली आणि आवडता खाऊ समोर असूनही त्याला तोंड न लावणे, ही सारी तो अजून भेदरलेलाच असल्याची चिन्हे आहेत. त्यातच सगळ्यांच्या माना आकाशाकडे वळलेल्या असताना बिथरलेल्या कुत्र्याने कठड्यावरून उडी घेतली, तर बांधलेल्या पट्ट्यानेच त्याला फास बसू शकतो. सासऱ्यांना हे आदरपूर्वक पण स्पष्ट सांगावे. त्यांचा हेतू चांगलाच आहे, मार्ग तेवढा घातक आहे.

सवय लावता येते, पण ती आधी आणि हळूहळू लावावी लागते, आणि दोन महिने हा त्यासाठी चांगला अवधी आहे. फटाके, भोंग्यांवरची गाणी, थाळ्यांचा नाद आणि पतंग कापल्यावरच्या ‘काय पो छे’च्या आरोळ्या यांचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर मिळवून, मोती जेवत असताना किंवा खेळत असताना ते इतक्या बारीक आवाजात लावावे की त्याने फार तर एकदा कान टवकारावा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. म्हणून आपल्याला जे मंद वाटते ते त्याला मंद वाटेलच असे धरून चालू नये, त्याच्याकडे पाहूनच ठरवावे. आवाजापाठोपाठ पनीरचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. काही दिवस तो निर्धास्त राहिला की आवाज किंचित वाढवावा, आणि त्याने खाणे थांबवले तर लगेच पूर्वीच्या पातळीवर यावे. घाई केल्यास आठवड्यांची मेहनत एका संध्याकाळी वाया जाते.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर तो अधिक भित्रा होतो, हा समज अजूनही पुष्कळ घरांत आहे व तो चुकीचा आहे. भीती ही काही बक्षिसासाठी केलेली युक्ती नव्हे. मोती आपल्याजवळ येऊन बसला तर त्याच्या अंगावर शांतपणे हात ठेवावा. तो पलंगाखालीच राहू इच्छित असेल तर त्याला ओढून बाहेर काढू नये. भुंकल्याबद्दल वा थरथरल्याबद्दल रागावणे तर सर्वथा टाळावे.

प्रत्यक्ष १४ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला त्याला पहाटे, पतंग चढण्यापूर्वीच फिरवून आणावे. जुन्या वाड्यातल्या घरात आतली, रस्त्याकडे खिडकी नसलेली खोली बहुधा असते. तिथे त्याचे अंथरूण, पाणी आणि चालू पंखा ठेवावा, मात्र ती खोली आजपासूनच त्याच्या आवडीची करावी, म्हणजे त्या दिवशी तिथे कोंडल्यासारखे वाटणार नाही. उत्तरायणाला पाहुण्यांची सतत ये-जा असते आणि कुत्रे नेमके अशा उघड्या दारातूनच निसटतात. म्हणून बाहेरच्या दाराजवळ कोणी तरी जबाबदार माणूस असावा आणि मोतीच्या गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरलेला असावा.

मांज्याची काळजी तर सण संपल्यावरही आठवडाभर घ्यावी. रस्त्यावर पडलेल्या गुंत्यात पाय कापतात, आणि खाण्याचा वास लागलेला दोरा कुत्रे गिळतातही. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कदापि ओढू नये, कारण आत तो आतड्यांना कापू शकतो. कुत्र्याला तशाच अवस्थेत पशुवैद्याकडे न्यावे. उंधियू या सणाच्या मिश्रभाजीत हिरवा लसूण पडतो आणि लसूण-कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, तेव्हा प्रेमाने दिलेला घासही टाळावा. मनुके आणि द्राक्षे मूत्रपिंडांना अपाय करतात.

एवढे करूनही मोतीची भीती तीव्र राहिली, तर डिसेंबरातच पशुवैद्याची भेट घ्यावी. भीती कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत आणि त्यांची मात्रा सणाआधी एकदा देऊन पाहणे इष्ट असते. घरातल्या माणसांची झोपेची गोळी देऊ नये. काही गुंगीच्या औषधांनी शरीर तेवढे सुस्त पडते व आतली भीती तशीच राहते, हे औषध ठरवताना जरूर विचारावे.

कारेलीबागेतील एका वाचकाचा प्रश्न : आम्ही दोघेही नोकरीला जातो. आमची लॅब्रेडॉर कुत्री दिवसभर व्हरांड्यात साखळीला असते. ती चपला कुरतडते, भुंकते आणि शेजारी तक्रार करतात. तिला शिस्त कशी लावावी?

उत्तर : शिस्तीचा प्रश्न येथे नंतरचा आहे. पाण्यातून आणि रानातून शिकार उचलून आणण्यासाठी जोपासलेल्या जातीचे जनावर दिवसभर चार हातांच्या साखळीवर बसले, तर चप्पल हेच त्याचे काम होते. प्राण्यांच्या क्रौर्यप्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्यातही, नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा अपराध मानला आहे, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. साखळी काढून तिला घरातली सुरक्षित जागा द्यावी. सकाळी निघण्यापूर्वी निदान पाऊण तास फिरवावे व त्यात तिला मनसोक्त वास घेऊ द्यावा. झपझप चालवून आणण्यापेक्षा हुंगण्याने कुत्रा अधिक समाधानाने दमतो. तिच्या खाण्याचा काही भाग जुन्या चादरीच्या घड्यांत लपवून ठेवावा आणि चावण्यास कडक रबराचे खेळणे द्यावे. दुपारी एखाद्या ओळखीच्या माणसाची फेरी ठेवता आली तर उत्तमच. चप्पल खाल्ल्यानंतर संध्याकाळी दिलेला मार तिला कशाबद्दल आहे हे कळत नाही. तिला फक्त आपल्या घरी येण्याची धास्ती बसते.

विश्वामित्रीच्या जवळ राहणारे एक आजोबा विचारतात : कुत्र्याला संध्याकाळी नदीकाठी मोकळे सोडणे योग्य आहे का?

उत्तर : आजोबा, नाही. विश्वामित्रीत शहराच्या मध्यभागातही मगरी आहेत. थंडीत त्या ऊन खाण्यासाठी काठावर पडलेल्या दिसतात आणि अंधार पडू लागल्यावर अधिक वावरतात. पाण्याच्या कडेला वाकून पाणी पिणारा कुत्रा त्यांना सहज सापडतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर त्या वस्त्यांपर्यंत आल्या होत्या, तेव्हा पावसाळ्यात सखल गल्ल्यांतही पट्टा सोडू नये. साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मूत्रामुळे, लेप्टोस्पायरोसिस हा जंतुजन्य रोग होऊ शकतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते, आणि रेबीजच्या लसीची तारीखही त्याच वेळी तपासून घ्यावी. फिरण्यासाठी नदीपासून दूरचा रस्ता निवडावा, पट्टा आखूड ठेवावा आणि घरी आल्यावर कानांत व बोटांच्या फटींत गोचीड आहे का ते पाहावे.